कागदाचा बोळा आणि शाळेतला पोलीस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक शिस्त आणि शिक्षा हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय विस्तीर्ण आहे. मी त्यातला एक लहानसा तुकडा घेणार आहे. शाळकरी मुलाने कागदाचा बोळा किंवा रिकामी बाटली आवारात फेकली, तर समाजाने त्याचे काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. याचे उत्तर आपली एखादी शिक्षिका अर्ध्या मिनिटात देते : "उचल रे तो कागद आणि टोपलीत टाक." परंतु जगातल्या एका अतिश्रीमंत देशात हेच उत्तर देण्यासाठी गणवेशधारी पोलीस, छापील पावती आणि दंडाची सुनावणी अशी यंत्रणा उभी राहिली. ती का उभी राहिली आणि तिच्यामुळे कोण सुटले, हे पाहिले म्हणजे प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातली हकीकत प्रथम सांगतो. 'प्रोपब्लिका' ही वृत्तसंस्था आणि 'शिकागो ट्रिब्यून' हे दैनिक यांनी २०२२ मध्ये संयुक्त शोध घेऊन असे दाखवून दिले की, त्या राज्यातील पोलीस शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांच्या हाती दंडाच्या पावत्या देत आहेत. तीन शालेय वर्षांत अशा सुमारे १२ हजार पावत्यांची नोंद त्यांना सापडली, आणि यातला बराच काळ महामारीमुळे शाळा बंद होत्या. अपराध कोणते? तंबाखू व वाफेच्या सिगारेटी, गैरहजेरी, मारामारी हे तर होतेच. शिवाय कचरा टाकणे, मोठ्याने आवाज करणे, अपशब्द उच्चारणे, स्वच्छतागृहातली साबणदाणी फोडणे हेही होते. एका पावतीचा दंड ७५० डॉलरपर्यंत जाऊ शकत असे. त्या राज्यात २०२१ मध्ये कायदेशीर किमान वेतन तासाला ११ डॉलर होते. म्हणजे हा दंड ६८ तासांच्या मजुरीएवढा झाला. आठवड्याचे काम ४० तासांचे धरले, तर पोराच्या एका पावतीपायी आईची जवळजवळ पावणेदोन आठवड्यांची कमाई गेली. दंड थकला की वसुली करणाऱ्या कंपन्या मागे लागत.

यातली मेख अशी की, शाळेने विद्यार्थ्याला शिस्तीच्या नावाखाली आर्थिक दंड करू नये, असा कायदा त्याच राज्यात आधीपासून होता. शाळेचे हात कायद्याने बांधले, तेव्हा शाळेने ते काम पोलिसाच्या हाती दिले. पुढच्या दाराने जे आत येऊ शकत नव्हते, ते गणवेश घालून मागच्या दाराने आले. आणि पावत्या कोणाच्या वाट्याला आल्या? जिथे वर्णाची नोंद उपलब्ध होती तिथे गोऱ्या मुलांच्या तुलनेत काळ्या मुलांना पावती मिळण्याचे प्रमाण दुप्पट आढळले. कचरा टाकताना वर्ण दिसत नाही; पावती फाडताना तो दिसतो.

हा शाळेतला पोलीस आहे तरी कोण? त्याचे अधिकृत नाव 'स्कूल रिसोर्स ऑफिसर'. शब्दशः पाहिले तर शाळेच्या उपयोगी पडणारा साधन-अधिकारी. प्रत्यक्षात तो स्थानिक पोलीस खात्याचा शपथबद्ध शिपाई किंवा अधिकारी असतो. कमरेला पिस्तूल असते, अटकेचा अधिकार असतो, आणि त्याची रोजची नेमणूक शाळेतच असते. कायद्याचा रक्षक, मुलांचा अनौपचारिक सल्लागार आणि शिक्षक अशा तीन भूमिका त्याने वठवाव्यात, असे त्यांच्या संघटनेचे सूत्र आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सूत्रातला दोष चटकन दिसतो. सल्लागाराशी मूल मोकळेपणाने बोलते, कारण बोललेले त्याच्या विरुद्ध वापरले जाणार नाही असा त्याला विश्वास असतो. रक्षकाचे काम नेमके याच्या उलट आहे. एकाच माणसाला दोन विरुद्ध कामे दिली, की ज्या कामाची मोजदाद होते तेच काम वाढते. दिलेला धीर नोंदवहीत येत नाही. फाडलेली पावती येते.

ही भीती काल्पनिक नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर कॅरोलिनातील एका मुलाचे प्रकरण आले. तेरा वर्षांच्या या मुलाला शाळेत नेमलेल्या गणवेशधारी पोलिसाने वर्गातून उठवून एका खोलीत नेले. तिथे घरफोडीबद्दल त्याची विचारपूस झाली. बोलण्याचे बंधन तुझ्यावर नाही, हे त्याला सुरुवातीला कोणी सांगितले नाही. आपण उठून जाऊ शकतो असे त्या मुलाला वाटले असेल काय, हे ठरविताना त्याचे वय विचारात घ्यावे लागेल, असा निकाल न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने दिला. मूल हे मूल असते, एवढे मान्य होण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर एका मताचा आधार लागला!

या पद्धतीचा आरंभ १९५० च्या दशकात मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फ्लिंट हे नाव आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना अपरिचित नसावे. जनरल मोटर्सच्या कामगारांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात कारखान्यातच ठाण मांडून ४४ दिवसांचा संप जिंकला, तो इथेच. मोटारधंद्याच्या या गावात पोलीस व तरुण मुले यांच्यात ओळख वाढावी, या हेतूने हा प्रयोग सुरू झाला. हेतू वाईट नव्हता. प्रारंभी त्याचा प्रसारही थोडा होता. १९७५ च्या सुमारास शंभरातल्या एखाद्या शाळेत पोलीस असे. पुढे दोन गोष्टी घडल्या. १९८२ मध्ये विल्सन व केलिंग या दोघा लेखकांनी 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धांत मांडला. लहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष केले तर मोठी गुन्हेगारी वाढते, असे त्याचे सार होते. मग फुटकी काच, भिंतीवरची अक्षरे, रस्त्यावरचा कचरा यांकडे पोलीस गुन्ह्याची नांदी म्हणून पाहू लागले. दुसरी गोष्ट १९९९ ची. कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून हत्याकांड घडविले आणि देश हादरला. केंद्र सरकारने शाळांतील पोलिसांसाठी अनुदान ओतले व त्यातून ६ हजारांहून अधिक पोलीस नेमले गेले. पुढे साधारण निम्म्या सरकारी शाळांपर्यंत हे लोण पोचले.

आईबापांची भीती खरी होती आणि आहे, हे आपण नाकारता कामा नये. ज्या देशात बंदूक दुकानात सहज मिळते, तिथे पोर शाळेतून परत येईल की नाही ही चिंता खोटी कशी म्हणावी? काही पोलिसांनी मुलांना जीव लावला, हेही खरे असेल. परंतु ज्या कामासाठी तो नेमला ते काम त्याच्या हातून झाले काय? २०२२ मध्ये टेक्ससमधील युवाल्डी येथील प्राथमिक शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्या शाळा-मंडळाचे स्वतःचे पोलीस दल होते. वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ पोलीस तिथे जमले, आणि मारेकरी असलेल्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटे लागली. बंदूकवाला रोज येत नाही. सुदैवाने बहुतेक शाळांत तो कधीच येत नाही. पोलीस मात्र रोज येतो. रोज आलेल्या माणसाला रोजचे काम लागते, आणि ते काम म्हणजे दांडी मारणारा, शिवी देणारा, कागद फेकणारा पोरगा. वाघासाठी लावलेल्या सापळ्यात अशी उंदरे सापडतात.

दरम्यान मुलांना ज्यांची गरज असते ती माणसे शाळेत कमीच राहिली. अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१९ मध्ये सरकारी आकड्यांच्या आधारे दाखविले की, ज्या शाळांत पोलीस आहे परंतु समुपदेशक, परिचारिका, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक यांपैकी एक ना एक नाही, अशा शाळांत १ कोटी ४० लाख मुले शिकत होती. अर्थसंकल्प हा समाजाच्या मनाचा आरसा असतो, असे आपण म्हणतो. या आरशात काय दिसते ते निराळे सांगावयास नको.

आता कचऱ्याकडे वळू. कचऱ्याचे दुष्परिणाम मी हलके लेखीत आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयात तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता, हे आपण जाणतो. फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती गटारात, नाल्यात, समुद्रात, गाईच्या पोटात जाते, आणि शेवटी कोणाच्या तरी हातांनाच ती उचलावी लागते. प्रश्न आहे तो या परिणामांचा खर्च कोणी सोसावा हा.

पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतला भेद स्पष्ट केला होता. काप यांनी १९५० मध्ये एक पाऊल पुढे जाऊन असे मांडले की, खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हा खासगी धंद्याचा अपघात नव्हे, ती त्याची रीतच आहे. शीतपेयाच्या बाटलीची गोष्ट याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावी. अमेरिकेत एकेकाळी काचेची बाटली अनामतीवर मिळे. रिकामी परत केली की पैसे परत. कंपनी ती धुऊन पुन्हा भरी. १९३५ पासून बिअर पत्र्याच्या डब्यांत येऊ लागली. महायुद्धानंतर एकदाच वापरायच्या डब्याबाटल्यांचा सुळसुळाट झाला. धुण्याचा, परत आणण्याचा खर्च वाचला तो कंपनीचा. उचलण्याचा वाढला तो नगरपालिकेचा. १९५३ मध्ये व्हर्मांट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी डबे व बाटल्या बनविणाऱ्या बड्या कंपन्यांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था जन्मली. व्हर्मांटची बंदी १९५७ मध्ये संपली. संस्था मात्र फोफावली. १९७१ मध्ये तिने दूरदर्शनवर एक जाहिरात आणली. रस्त्यावरचा कचरा पाहून एका आदिवासी वृद्धाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो, आणि प्रदूषण माणसेच करतात व माणसेच ते थांबवू शकतात, असा संदेश येतो. तो 'आदिवासी' वस्तुतः इटालियन वंशाचा नट होता. पण त्याहून मोठे असत्य त्या संदेशात होते. 'माणसे' या एका शब्दात बाटली बनविणारा कारखानदार आणि ती फेकणारा पोरगा समान गुन्हेगार ठरले. आणि पावतीची वेळ आली तेव्हा कारखानदार दिसेनासा झाला, पोरगा तेवढा उरला.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि योगायोग असा की तो त्याच मिशिगन राज्यात सापडतो. ऑरेगॉन राज्याने १९७१ मध्ये बाटल्या-डब्यांवर सक्तीच्या अनामतीचा कायदा केला होता. त्या धर्तीवर मिशिगनच्या मतदारांनी १९७६ मध्ये थेट सार्वमताने कायदा करून घेतला आणि १९७८ पासून तो लागू झाला. प्रत्येक बाटलीमागे दहा सेंट अनामत ठरली. त्यानंतर अनेक वर्षे दहापैकी नऊ बाटल्या परत येत राहिल्या. फेकलेली बाटली दुसरे कोणी तरी उचलून आणी, कारण तिला आता किंमत होती. पोलीस नाही, पावती नाही, सुनावणी नाही. एकाच राज्याने जगाला दोन वस्तू दाखविल्या : शाळेतला पोलीस आणि दहा सेंटचे नाणे. त्यांतल्या नाण्याने बाटली परत आणली. परंतु अनामतीचा कायदा आजही अमेरिकेच्या पन्नासपैकी दहाच राज्यांत आहे. कारण उघड आहे. नाण्याचा भार उद्योगावर पडतो, पोलिसाचा भार मुलावर. आणि मुलांची संघटना नाही.

फ्लिंटचीच आणखी एक गोष्ट सांगून हा भाग संपवितो. एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी त्या शहराला फ्लिंट नदीचे पाणी पुरविण्यास सुरुवात झाली. ते पाणी नळांचे शिसे विरघळवून घराघरांत, पोराबाळांच्या पोटांत नेऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने त्या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून ते वापरणे थांबविले. नागरिकांना मात्र पुढे वर्षभर तेच पाणी प्यावे लागले. राज्याचे माजी गव्हर्नर व इतर अधिकारी यांच्यावर खटले भरण्याचा प्रयत्न झाला. तांत्रिक कारणांवरून ते कोसळले आणि २०२३ मध्ये अभियोग पक्षाने काम गुंडाळले. एका गावाच्या पाण्यात विष कालविले गेले त्याची शिक्षा कोणाला झाली नाही. शेजारच्या इलिनॉयमध्ये कागद फेकणाऱ्या मुलाला पावती मिळत होती. घाण करण्याचे परिणाम म्हणतात ते हे!

सुदैवाने तिथेही माणसे गप्प बसली नाहीत. टेक्ससने २०१३ मध्ये कायदा करून शाळेतील किरकोळ वर्तनासाठी विद्यार्थ्यांना पोलिसी पावत्या देण्यावर बंधने घातली. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर २०२० मध्ये मिनीआपोलिसच्या शाळा-मंडळाने पोलीस खात्याशी असलेला करार मोडला, आणि ओकलंडच्या मंडळाने आपले पोलीस दलच बरखास्त केले. इलिनॉयमध्येही २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना अशा दंडाच्या पावत्या देण्यास मनाई करणारा कायदा झाला. पालक, विद्यार्थी व वकील वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत राहिले, त्याचे हे फळ आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्रात शाळेत पोलीस वस्तीला नाही. 'पोलीस काका', 'पोलीस दीदी' अशा उपक्रमांतून तो येतो, माहिती देतो आणि परत जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीस आली तेव्हा शाळांतील सुरक्षेची मागणी रास्तपणे पुढे आली. मुलींच्या रक्षणाची व्यवस्था झालीच पाहिजे. पण रक्षणासाठी उघडलेल्या दारातून शिस्तीचा दंडुका आत येतो, हा फ्लिंटपासून इलिनॉयपर्यंतचा धडा आहे. तो आपण आधीच गिरवून ठेवावा.

कचऱ्याच्या बाबतीत तर ते दोन्ही मार्ग आपल्या एकाच सरकारी अधिसूचनेत होते. २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीत पहिल्या अपराधाला ५ हजार रुपये, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा होती. त्याच अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्या व दुधाच्या पिशव्या अनामत घेऊन परत घेण्याची तरतूदही होती. पहिला भाग हातगाडीवरच्या भाजीवालीपर्यंत तत्काळ पोचला. दुसरा भाग दूधसंघांच्या आणि बाटलीबंद पाण्याच्या कंपन्यांच्या दारात अडखळला व रुजला नाही. पाच हजारांचा दंड भाजीवालीच्या आठवड्याच्या धंद्यावर बसतो. कंपनीच्या हिशेबात तो चहापाण्याचा खर्च असतो. सर्वांना सारखा दंड म्हणजे समता नव्हे. गरिबावर अधिक दराने बसणारा तो कर आहे. हे ओळखूनच फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसविण्याची पद्धत स्वीकारली.

मग मुलांना काहीच सांगायचे नाही काय? सांगायचे, पण शिक्षा म्हणून नव्हे. बेशिस्त मुलाला "जा, आवार झाड" म्हणून धाडणारा शिक्षक दंड घेत नाही हे खरे. पण झाडणे ही शिक्षा आहे, म्हणजे झाडणारा हा शिक्षा झालेला माणूस आहे, हे तो पन्नास मुलांना शिकवितो. जातीच्या उतरंडीत जिथे झाडू पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हातांतच दिला गेला, तिथे हा धडा विषारी आहे. गाडगेमहाराज कीर्तनाआधी गाव झाडीत. सेनापती बापट पारनेरचे रस्ते झाडीत. झाडू हाती घेऊन त्यांनी त्या कामावरचा कलंक पुसण्याचा यत्न केला. शाळेत झाडायचे तर सर्वांनी, आळीपाळीने, शिक्षकांसह झाडावे. तेच नागरिकशास्त्राचे खरे प्रात्यक्षिक होय.

आणि जे हा कचरा खरोखर उचलतात त्यांचा विचार? पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली; तिच्यातून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तीन हजारांहून अधिक वेचक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, दारोदार जाऊन कचरा गोळा करीत आल्या आहेत. शाळेतल्या मुलांना पोलिसाऐवजी या बाईने तासभर कचऱ्याविषयी सांगितले, तर किती मुले पुढे बाटली भिरकावतील?

कार्यकर्ते मित्रहो, म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे आहे. आपल्या प्रभागात, शाळा व्यवस्थापन समितीत, नगरपालिकेच्या सभेत तीन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली : शाळेच्या आवारातील कोणत्याही किरकोळ वर्तनासाठी मुलावर किंवा त्याच्या पालकांवर आर्थिक दंड बसता कामा नये, आणि त्याचे नाव पोलिसाच्या वहीत चढता कामा नये. दुसरी : २०१८ पासून कागदावर राहिलेल्या अनामत-परतीचा पाठपुरावा करा, उत्पादकाने आपली बाटली आपल्या खर्चाने परत न्यावी. तिसरी : शाळेवर खर्च करायला पैसा निघालाच, तर तो पहाऱ्याआधी समुपदेशक, परिचारिका आणि सफाई कामगाराच्या पुरेशा वेतनावर खर्ची पडावा.

या मागण्या सभा गाजविणाऱ्या नाहीत, मला ठाऊक आहे. परंतु राज्यसत्ता सामान्य माणसाला प्रथम भेटते ती अशाच लहान ठिकाणी. दहा वर्षांच्या मुलाला ती पहिल्यांदा शिक्षिकेच्या रूपात भेटते की पावती फाडणाऱ्या शिपायाच्या रूपात, यावर तो पुढे नागरिक होतो की नुसता आरोपी, हे पुष्कळसे अवलंबून आहे. कागदाचा बोळा त्याने उचललाच पाहिजे. मात्र कारखान्याने टाकलेला कचरा त्याच्या माथी मारला जाऊ नये, हे पाहण्याचे काम आपले आहे.